शिरवळच्या पुढे काय मिळतं?

शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्यातली अर्धी क्यूबिकल्स साताऱ्या-सांगलीच्या दिशेने पळतात. नीरा नदी ओलांडली की शिरवळ. पुण्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटर. चहाचा कप हातात आला की हमखास विषय निघतो, 'पगारात भागत नाही यार, ऑनलाइन काहीतरी विकायला हवं.' पण विकायचं काय?

शिरवळ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतात ते कारखाने. गोदरेजचे फ्रीज इथलेच. त्यामुळे कंपनीचा सेकंड्स माल उचलू आणि विकू, ही आयडिया सॉल्लिड वाटते. पण पक्कं बिल नाही, वॉरंटी नाही, त्यातून एक डेन्टवाला पीस परत आला की सगळं मुसळ केरात!

त्यापेक्षा गाडी तशीच पुढे जाऊ द्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मोह पाडते, पण कुरिअरमध्ये तिचा जॅम होतो. कंदी पेढे टिकायची मारामार. सांगली-तासगावचा बेदाणा मात्र टिकतो, फुटत नाही आणि वजनाच्या मानाने जागाही कमी खातो. (कुरिअरवाले नुसतं वजन नाही, खोक्याचा आकारही मोजतात, बरं का!) सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हळदीला २०१८ मध्ये. पण हे नाव पाकिटावर मिरवायचं तर माल अधिकृत वापरकर्त्याकडूनच घ्या.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. समजा, बेदाणा २५० रुपये किलोने मिळाला. अर्ध्या किलोचे १२५, पॅकिंगचे १५, कुरिअरचे ६०, साइटचं कमिशन ३०. झाले २३०. विकला २६० ला. सुटले ३० रुपये. मस्त! पण दहांतलं एक पार्सल परत आलं तर? नऊ पाकिटांचे मिळाले २७०. परत आलेल्यावर गेले माल, पॅकिंग आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर मिळून २६०, कारण खायची वस्तू पुन्हा विकता येत नाही. महिनाभर रात्री जागून पाकिटं सील करायची आणि दहा पाकिटांमागे दहा रुपये! टॅक्स अजून धरलाच नाही.

म्हणून बाजारात जाण्याआधी तासभर दुसऱ्यांच्या लिस्टिंगवरचे एक स्टारवाले शेरे वाचा. काड्या निघाल्या, ओलसर होता, फोटोत हिरवा आणि घरी आला तो काळपट. ग्राहक जास्त पैसे कशाला देईल, ते तिथेच कळतं. नीट निवडलेला, एका रंगाचा बेदाणा चार पैसे महाग विकता येतो आणि परतही कमी येतो.

माझं मत विचाराल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा बघा. अंगावर लाल पट्टे, यालाही २०१६ चं जीआय. बेदाण्याचे ब्रँड ढिगाने आहेत, याचे मोजकेच. मुंबईत राहणाऱ्या सातारकराला तो आठवतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मात्र नीट वाळलेला नसेल तर कीड लागते. पहिल्या खेपेला पाच-दहा किलोच घ्या, चार पाकिटं स्वतःच्याच पत्त्यावर मागवा आणि महिनाभर ठेवून उघडा.

कागदपत्रं? एफएसएसएआयचा नंबर हवाच. साइटवरून दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणीही लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून त्यातून सूट आहे, त्यामुळे सुरुवात महाराष्ट्रापुरतीच केलेली बरी. आणि हो, ऑफर लेटरमधला 'दुसरा व्यवसाय' हा क्लॉज एचआरने वाचायच्या आधी तुम्ही वाचा.