हात धुतले, मनाचं काय?

रविवारची सकाळ. वेलचेरीत आमच्या इमारतीत सात वाजल्यापासून धावपळ सुरू होते. इस्त्रीची साडी, मुलांचे बूट, पवित्र शास्त्र, अर्पणाचं पाकीट. तमिळ घरात हेच, मराठी घरातही हेच. उशीर होतो, आवाज चढतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी विचारते, "आज मला नेता का रे?" उत्तर ठरलेलं असतं, "आज नको आजी, उशीर झालाय. मोबाइलवर उपासना लावून देतो." दार बंद होतं, आणि अर्ध्या तासाने सगळे देवासमोर हात जोडून उभे असतात.

यात वाईट कुणीच नाही. पण कुठेतरी काहीतरी निसटलेलं असतं. ते काय, हे समजून घ्यायचं तर मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडावा लागतो.

कुर्बानची गोष्ट

येशूचे काही शिष्य हात न धुता जेवले, म्हणून परुशी आणि शास्त्री यांनी तक्रार केली. प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, वाडवडिलांपासून आलेल्या रीतीचा होता. येशूने हातांबद्दल वाद घातलाच नाही. त्याने त्यांना कुर्बानची आठवण करून दिली. एखादी वस्तू "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण, असं म्हटलं की ती आईवडिलांना द्यायची गरज उरत नसे. म्हणजे देवाचं नाव घेऊनच देवाची आज्ञा टाळायची सोय झाली होती.

आता पुन्हा त्या खुर्चीवरच्या आजीकडे पाहा. आपलं "उशीर झालाय" हेही कधीकधी कुर्बानच असतं.

मग सगळ्या रीती सोडायच्या का?

चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला इथल्या चर्चमध्ये काही गोष्टी वेगळ्या वाटतात. अनेक ठिकाणी चपला बाहेर काढतात, बायका डोक्यावर पदर घेतात. मग मनात येतं, आपली रीत बरोबर की यांची? मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. तिघांनी त्याला तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. क्रूसावर लॅटिन शब्द असावेत, या गोष्टीला रमाबाईंनी नकार दिला. आपल्याला आणि आपल्या लोकांना न कळणारी भाषा कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. ख्रिस्ताला मानायचं म्हणजे इंग्लंडची प्रत्येक रीत मानायची, हे त्यांना पटलं नाही.

पण स्वतःबद्दल त्या त्याहून कठोर होत्या. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक दिवस त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्या बाईने धर्मासाठी एवढं सोसलं तिने हे लिहावं, याला धैर्य लागतं. त्यांची उपासना पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दिसली. दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे जेवण, शिक्षण आणि हाताला काम मिळालं. साध्या बाईलाही कळावं म्हणून रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात गेली.

नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट धरली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तुकोबांना मागे टाकलं नाही. उलट, तुकारामांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. अभंग, भजन, कीर्तन हे सगळं त्यांनी येशूच्या पायाशी नेलं. मराठी मंडळ्यांमध्ये आजही त्यांची गीतं गायली जातात. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. त्याचं दार बाप्तिस्मा न झालेल्यांनाही उघडं होतं.

तिसरं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या सोवळं पाळत होत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. "स्मृतिचित्रे"मध्ये त्यांनी सांगितलं आहे, की एकदा त्या मनाशीच विचार करू लागल्या, जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली, हे उमगलं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा नंतर झाला. सोवळं आधी गेलं.

दार उघडतं की बंद होतं?

रमाबाईंनी परकी रीत नाकारली, टिळकांनी आपली रीत जपली, लक्ष्मीबाईंनी आपली रीत मोडली. तिघांचं वागणं उलटसुलट दिसतं, पण कसोटी एकच होती. ही रीत मला देवाकडे आणि शेजारच्या माणसाकडे नेते, की दोघांपासून दूर ठेवते? टाळ वाजवल्याने दार उघडत असेल तर वाजवावा. पाण्याचा हंडा वेगळा ठेवल्याने दार बंद होत असेल तर तो हंडा खाली ठेवावा.

शोमरोनी स्त्रीने विहिरीवर येशूला विचारलं होतं, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? येशूने डोंगर निवडला नाही. खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील, असं त्याने सांगितलं. म्हणून चप्पल बाहेर काढली की आत नेली, गाणं तमिळ की मराठी, यावरून कुणाची भक्ती मोजू नये. प्रश्न इतरांच्या रीतीला विचारायच्या आधी आपल्या रीतीला विचारावा.

सुरुवात छोटी असू शकते. जेवणाआधीची पाठ प्रार्थना एक दिवस स्वतःच्या शब्दांत करून पाहा. सकाळी सगळ्या ग्रुपवर वचन पाठवण्याआधी ते एकदा स्वतः वाचा. ज्याच्याशी अबोला आहे, त्याला प्रभुभोजनाच्या आधी फोन करा.

आणि पुढच्या रविवारी वीस मिनिटं लवकर उठा. आजीला जिना उतरायला वेळ लागतो. तिचा हात धरून एकेक पायरी उतरताना कदाचित पहिलं गीत चुकेल. चुकू दे. उपासना घरच्या जिन्यावरच सुरू झालेली असेल.