दुभाजक, उतार आणि पाणी पळवणारे शेवाळ

फायरबेलिड टोडच्या पेटीत निम्मे पाणी आणि निम्मी जमीन लागते. बॉम्बिना ओरिएंटालिस हे शास्त्रीय नाव असलेला हा प्राणी कोरिया आणि ईशान्य चीनमधला. लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर. उथळ पाण्यात तासन्‌तास तरंगत राहणे त्याला आवडते, पण ओलसर माती आणि दगडांचा आडोसाही हवा असतो. मागच्या लेखांकातली २ फूट बाय १ फुटाची पेटी इथेही धरली आहे. पाणी आणि जमीन वेगळी ठेवणारा काचेचा दुभाजक तिच्या रुंदीत आडवा बसतो.

दुभाजकावर येणारा रेटा पाण्याच्या खोलीवर ठरतो. पाणी किती लांबवर पसरले आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. ३० सेंटिमीटर रुंदीच्या काचेमागे १० सेंटिमीटर पाणी असेल, तर एकूण रेटा सुमारे दीड किलोचा. खोली २० सेंटिमीटर केली की तोच ६ किलो होतो. या टोडला १० सेंटिमीटर पाणी पुरते, त्यामुळे ५ मिलिमीटर जाडीची काच भरपूर झाली. गळती होते ती काचेतून नाही, सांध्यातून.

म्हणून काच कापून घेताना ती पेटीच्या आतल्या रुंदीपेक्षा ४ मिलिमीटर कमी सांगावी. दोन्ही बाजूंना २-२ मिलिमीटर फट राहते आणि ती सिलिकॉनने भरते. काच अगदी घट्ट बसवली, तर सिलिकॉन दाबून बाहेर निघते आणि सांधा पोकळ राहतो. न्हाणीघरासाठी विकले जाणारे बुरशीरोधक सिलिकॉन मुळीच वापरू नये. त्यातले औषध पाण्यात उतरते, आणि उभयचर पाणी कातडीवाटेच शोषतात. साध्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. जाड थराला आठवडाही लागतो.

काचेऐवजी ॲक्रिलिक चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. चालणार नाही. ॲक्रिलिक ओलाव्याने वाकते आणि सिलिकॉन त्याला नीट धरत नाही.

चाचणी जमिनीची बाजू रिकामी ठेवूनच घ्यावी, कारण मातीचा टेकू नसताना सांध्याची खरी परीक्षा होते. पाणी भरून पातळीवर मार्करने रेघ ओढावी आणि एक दिवस जाऊ द्यावा. मग जमिनीच्या बाजूला तळाशी भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर मच्छरजाळी आणि वर कोकोपीट घालावे. एका कोपऱ्यात उभी नळी ठेवली, तर तळाशी साचलेले पाणी पिचकारीने ओढून काढता येते.

पाण्याच्या बाजूने उतार हवाच. झाडावरच्या बेडकांसारख्या चिकट गाद्या या टोडच्या बोटांना नसतात, त्यामुळे उभ्या काचेवर त्याला नीट पकड मिळत नाही. पुढचे पाय फुटलेली पिल्ले तर काठ न मिळाल्यास बुडून मरतात; कल्ले जिरत असताना त्यांना हवेत श्वास घ्यावाच लागतो. चपटे दगड सिलिकॉनने एकावर एक चिकटवून उतार करावा. नुसते रचलेले दगड घसरतात आणि खाली प्राणी चिरडतो.

खरी गंमत यापुढे आहे. उतार सुंदर दिसावा म्हणून काचेच्या कडेवरून शेवाळ पांघरले जाते आणि दोन दिवसांत पाणी उतरते, माती चिखल होते. सांधा गळतो म्हणून पुन्हा सिलिकॉन मारले जाते, तरी पाणी जातच राहते. सांधा निर्दोष असतो. पाणी पळवते ते शेवाळ. दिव्याची वात तेल चढवते तसे ते पाणी वर ओढते आणि पलीकडच्या खालच्या पातळीकडे सोडते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत, किंवा ती इतकी खाली जाईपर्यंत की शेवाळाला पाणी कडेपर्यंत चढवता येऊ नये, हे चालूच राहते. कडेवर आलेले कोकोपीट किंवा फिल्टरचे कापडही तेच करते. काचेची वरची कडा पाण्यापेक्षा ४ सेंटिमीटर उंच ठेवावी आणि तिच्यावर फक्त कोरडा दगड यावा. शेवाळ दोन्ही बाजूंना स्वतंत्र लावावे, मध्ये बोटभर उघडी काच सोडून.

या आठवड्यात कबूल केलेला फिल्टर शेवाळापायी मागे पडला. तो पुढच्या लेखांकात. तोवर पाणी उतरत असेल, तर सिलिकॉनची नळी उघडण्याआधी कडेवरचे शेवाळ उचलून पाहावे.