मनाई हुकमाचा कागद

न्यायालयाचा मनाई हुकूम ही वस्तू पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील जनतेस मुळीच अपरिचित नाही. वाडीतील पाटाचे पाणी, दोन भावांची सामाईक विहीर, शेजाऱ्याच्या कौलांवर झुकलेला माड, होडी ओढून ठेवण्याची जागा, अशा कारणांवरून अलिबागच्या न्यायालयात दावे पडत आले आहेत. दाव्यासोबतच्या ज्या अर्जास वकीलमंडळी ‘निशाणी ५’ म्हणून ओळखतात, त्यावर तूर्तातूर्त मनाई कशी मिळवावी हे थळ-नवगावपासून किहीमपर्यंतच्या पक्षकारांस शिकवावे लागत नाही. माडास आणि बांधास जे संरक्षण शंभराहून अधिक वर्षे मिळत आले, ते घरातल्या बाईच्या अंगास मिळण्यासाठी मात्र २००५ साल उजाडावे लागले.

त्यापूर्वी न्यायालय तिच्या बाबतीत हुकूम करीतच नव्हते असे नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८७ च्या मार्चमध्ये रखमाबाईंस असाच एक हुकूम केला होता. बालपणी ज्याच्याशी लग्न लावून दिले त्याच्या घरी एक महिन्यात नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. न्यायालयाचे सामर्थ्य त्या काळी बाईस उंबरठ्याच्या आत ढकलण्यासाठी वापरले जात होते. मारणाऱ्यास त्याच उंबरठ्याबाहेर काढण्यासाठी ते वापरता येते, ही कल्पना आपल्या कायद्यात शिरण्यास त्यानंतर जवळजवळ एकशे वीस वर्षे लागली.

ती कल्पना ज्या अधिनियमाने आणली तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ होय. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. अठराव्या कलमाखाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतो, एकोणिसाव्याखाली निवासाचा आदेश देतो, आणि प्रसंग निकडीचा असेल तर तेविसाव्याखाली प्रतिपक्षास न ऐकताही अंतरिम आदेश देऊ शकतो. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत पडावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे बाराव्या कलमात लिहिले आहे. ‘सामान्यतः’ आणि ‘प्रयत्न’ हे दोन शब्द मसुदा करणाऱ्याने कोणत्या धोरणाने घातले असतील ते असो. न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्यांनी एक सकाळ काढली आहे, त्यांस त्या शब्दांचा अर्थ सांगावयास नको.

थळच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी टोपलीत भरून अलिबागच्या बाजारात विकणारी एखादी बाई वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. कमावत्या बाईवर हात उगारला जात नाही, ही सुशिक्षितांची एक सोयीस्कर समजूत आहे. पुष्कळदा तिची कमाई हेच मारहाणीचे निमित्त असते. समजा, तिने अर्ज केला आणि तिला आदेश मिळाला. पतीने तिच्या ‘नोकरीच्या ठिकाणी’ जाऊ नये, असे त्यात लिहिलेले असते, कारण कलमातील शब्द तेच आहेत. या बाईचे नोकरीचे ठिकाण कोणते? पहाटे बंदर, नंतर एस.टी.चा थांबा, मग बाजारातला कट्टा, आणि दुपारी उधारी वसूल करण्याची चार घरे. ती नेहमी जाते त्या इतर ठिकाणांचाही कलमात समावेश आहे, पण त्या ठिकाणांची नावे आदेशात कोणी घालावयाची? आम्ही काही वर्षे शाळेत निबंध तपासले आहेत. नेमका शब्द न लिहिणाऱ्या मुलाचे गुण आम्ही कापीत असू. छापील नमुन्यातील रिकाम्या जागा भरून दिलेल्या आदेशास आम्ही उत्तीर्ण केले नसते.

पुढचा प्रश्न रात्रीचा आहे. आदेश मोडून पती दारूच्या नशेत दारात उभा राहिला, तर एकतिसाव्या कलमाप्रमाणे तो गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि केवळ त्या बाईच्या साक्षीवरही तो शाबीत धरता येतो. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यास विनामूल्य द्यावी, असे चोविसावे कलम सांगते. परंतु ती प्रत ठाण्यातील कोणत्या फायलीत जाते आणि रात्रीच्या ठाणे अंमलदारास ती सापडते की नाही, याविषयी कायदा मौन पाळतो. अशा मौनाची किंमत केवढी असते हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या कॅसल रॉक या गावी १९९९ साली दिसले. एका मातेजवळ न्यायालयाचा मनाई हुकूम होता. बापाने तीन मुलींस पळवून नेले तेव्हा ती पोलिसांस रात्रभर विनवीत राहिली. पोलीस हलले नाहीत आणि तिन्ही मुली मारल्या गेल्या. हुकमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. आपल्या संसदेने हा अधिनियम संमत केला तेही त्याच वर्षी, हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो.

आमच्या मते पहिली सुधारणा एकतिसाव्या कलमातच झाली पाहिजे. त्या कलमात शिक्षा सांगितली आहे ती संरक्षण आदेशाच्या भंगास. निवासाचा किंवा पोटगीचा आदेश मोडला तर हेच कलम लागते काय, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते जुळत नाहीत. पतीने बाईस मारले नाही, केवळ घरास कुलूप लावून तिला बाहेर ठेवले, तर पोलिसांनी काय करावे, हे वकिलांच्या युक्तिवादावर सोडणे योग्य नव्हे. इंग्लंडनेही मनाईच्या भंगास फौजदारी गुन्हा ठरविण्याचे पाऊल २००७ साली उचलले. ऑस्ट्रिया तर १९९७ पासून एक पाऊल पुढे आहे. तेथे मारणाऱ्यास घराबाहेर काढण्याचा अधिकार जागेवरच पोलिसास आहे आणि आज ती बंदी दोन आठवडे टिकते. न्यायालयाचा दीर्घ मुदतीचा आदेश मिळविण्यास बाईस तेवढी उसंत मिळते.

दुसरी गोष्ट संरक्षण अधिकाऱ्यांची. न्यायालय आणि ती बाई यांच्यामधला हा पूल; परंतु अनेक ठिकाणी तो ‘अतिरिक्त कार्यभार’ या दोन शब्दांवर उभा आहे. ज्या ठिकाणी असे अधिकारी नेमलेले नाहीत तेथे जिल्हा व तालुका पातळीवर सहा आठवड्यांत ते नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयास मे २०२५ मध्ये राज्यांस बजावावे लागले. कायदा अमलात येऊन तोवर साडेअठरा वर्षे झाली होती! कामचुकार संरक्षण अधिकाऱ्यास शिक्षा सांगणारे एक कलम अधिनियमात आहे. लगेच पुढच्या कलमात, त्याच्यावर खटला भरण्यास सरकारची पूर्वसंमती हवी, अशी तरतूदही आहे.

थळसारख्या गावी आणखी एक धोका आहे. मुंबईकरांचे बंगले उठू लागल्यापासून या किनाऱ्यावरील वाड्यांस जे मोल आले आहे, त्यामुळे मारहाण न करताही बाईस बेघर करता येते. घर आणि वाडी विकली की काम झाले. राहत्या घराची विक्री रोखण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास आहे. पण आदेश न्यायालयात राहतो आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले जाते. या दोन्ही कचेऱ्या अलिबागेतच असल्या तरी एकीचा कागद दुसरीकडे आपण होऊन जात नाही. असा आदेश होताच त्याची प्रत निबंधकास व तलाठ्यास जावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद व्हावी, ही दुरुस्ती अवघड नाही आणि खर्चाचीही नाही.

दुसऱ्या पक्षाची बाजू आम्ही विसरलो नाही. एकतर्फी आदेश हे तीक्ष्ण हत्यार आहे, आणि ज्यास ऐकून घेतलेले नाही त्यास महिनोन्महिने स्वतःच्या घराबाहेर ठेवणे हा न्याय नव्हे. एकतर्फी आदेशानंतर प्रतिपक्षास ऐकण्याची तारीख थोड्या दिवसांतच पडली पाहिजे आणि ती सहज पुढे ढकलली जाऊ नये. वृद्ध सासूसासऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सासऱ्याच्या मालकीच्या घरातही सुनेस राहण्याचा हक्क असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात ठरविले. उलट ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेस घराबाहेर काढण्याचे प्रयत्न होतात, आणि पुष्कळदा त्यामागे मुलगाच असतो. दोन्ही कायद्यांचा मेळ घालूनच निर्णय द्यावा, असे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. परंतु एक अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे आणि दुसरा प्रांताधिकाऱ्यापुढे चालत असता हा मेळ कोणी घालावयाचा? दोन्ही अर्ज एकाच न्यायासनापुढे आणण्याची तरतूद संसदेने केली पाहिजे.

संसदेची वाट न पाहता होण्यासारखे एक काम आहे. महाराष्ट्रात गावोगाव पोलीस पाटील आहेत. खून, चोरी, दंगा यांची वर्दी ते देतात. संरक्षण आदेशाची प्रत ठाण्याबरोबरच त्या गावच्या पोलीस पाटलासही जावी आणि आदेशभंगाची वर्दी त्याच रात्री ठाण्यास देणे त्याच्यावर बंधनकारक असावे, असे परिपत्रक गृहखात्यास काढता येईल. मध्यरात्री दारावर थाप पडली असता कोणाकडे धावावयाचे, हे मग थळच्या त्या बाईस ठाऊक असेल, कारण पाटलाचे घर तिला माहीत आहे.