चिमणी थंडावली की गावाचं काय होतं? मॉसमनची गोष्ट



ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पार उत्तरेला मॉसमन नावाचं ऊसवाल्यांचं गाव आहे. वस्ती उणीपुरी दोन हजारांची. एका अंगाला डोंगर नि घनदाट जंगल, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या पट्ट्यात ऊस. ही भूमी मूळची कुकू यलंजी लोकांची. गाव परमुलखातलं असलं तरी त्याची हकिकत आपल्या कामाची आहे.

1894 साली इथल्या शेतकऱ्यांनी कारखान्यासाठी कंपनी काढली. 1893 च्या कायद्याने सरकार कर्जाला हमी देत असे. तारण मात्र शेतकऱ्यांच्या जमिनींचं. जमिनी गहाण टाकून या मंडळींनी कारखाना उभारला आणि 1897 साली पहिलं गाळप केलं.

हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर. कोयता तिथं 1970 च्या दशकातच बाजूला पडला. आता सगळी तोड यंत्राने. यंत्र उसाच्या कांड्या करून डब्यात टाकतं आणि दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी तो ऊस गव्हाणीकडं नेई. कांड्या केलेला ऊस फार वेळ दम धरत नाही, म्हणून यंत्र, गाडी आणि गव्हाण यांचा मेळ बसवावाच लागतो. एकाचा सगळा फड आधी नि दुसऱ्याचा शेवटी, असं होऊ नये म्हणून प्रत्येकाचा ऊस थोडा थोडा, फेरीफेरीने तोडतात. पाचट रानातच अंथरून त्यावर खोडवा घेतात. भावही ज्याच्या त्याच्या उसातल्या साखरेवर ठरतो.

एवढं असूनही कारखाना टिकला नाही. पट्टा लहान, त्यामुळं गाळपाला पुरेसा ऊस मिळणं अवघड. 2012 मध्ये तो मॅके शुगर कंपनीकडं गेला. 2019 मध्ये ऊस उत्पादक आणि गावकरी पुढं झाले आणि फार नॉर्दर्न मिलिंग या कंपनीमार्फत तो परत घेतला. पण नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनी प्रशासकाच्या हाती गेली. डिसेंबरात जॅस्पर वादळाचा महापूर आला आणि मार्च 2024 मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

2024 साली ऊस रानात उभा आणि घरची गव्हाण बंद! सरकारी मदतीने तो ट्रकने सुमारे 100 किलोमीटरवर, गॉर्डनव्हेलच्या कारखान्याला घालावा लागला. वाहतुकीचा एवढा बोजा ऊस किती वर्षं सोसणार? आणि कारखाना गेला की फिटर, ड्रायव्हर, गॅरेजवाला, दुकानदार, सगळ्यांच्याच पोटाचा प्रश्न उभा राहतो.

आपण आपल्या कारखान्याला नावं ठेवतो, वार्षिक सभेत भांडतो. भांडावंच, मालक आहोत आपण. पण नोंदलेला ऊस चार पैशांसाठी बाहेर घालताना मॉसमनची आठवण ठेवावी. ऊस असला तर कारखाना, आणि कारखाना असला तरच उसाला मोल.