पॉवर स्टिअरिंगचा पंप का ओरडतो?

आपला खेड तालुका म्हणजे घाटवाटांचा मुलूख. उत्तरेस कशेडी, गावाजवळ भोस्ते, चिपळुणाकडे जाताना परशुराम आणि खोपीच्या बाजूने सह्याद्री चढणारा रघुवीर घाट. कशेडीस आता बोगदा झाला असला, तरी वळणावळणाच्या रस्त्यांशी आपला संबंध सुटलेला नाही. अशा रस्त्यावर स्टिअरिंगचे चाक हलके फिरणे ही केवळ सोय नव्हे, तर ती जिवाच्या सुरक्षिततेची बाब होय. म्हणून ते चाक हलके करणारा पंप ओरडू लागला असता त्याचे कारण कसे शोधावे, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. बंदिस्त जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित पास्काल याचा नियम तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचला असेल. त्याच नियमाचा उपयोग करून फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन एंजिनियराने 1926 साली तेलाच्या दाबाने चालणारे स्टिअरिंग एका मोटारीस बसवून दाखविले. परंतु विक्रीच्या प्रवासी मोटारीत ते 1951 साली, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत, प्रथम आले. आज आपल्या पुणे जिल्ह्यातही वढू बुद्रुक येथे ट्रक व बस यांची अशी यंत्रे तयार होतात.

त्याची रचना फारशी अवघड नाही. एंजिनाच्या पुलीवरून एक रबरी पट्टा पंपाची पुली फिरवितो. पंपाच्या आत लंबवर्तुळाकार पोकळी असून तीत एक गोल तुकडा फिरतो. त्याच्या खाचांत पातळ पाती बसविलेली असतात. ती फिरताना बाहेर सरकून पोकळीच्या भिंतीस घासत जातात, एका बाजूने तेल ओढून घेतात व दुसऱ्या बाजूने दाबून बाहेर लोटतात. लहान मोटारीत हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 70 ते 100 किलोग्रॅमपर्यंत चढतो. दाबाखालचे तेल जाड नळीने स्टिअरिंगच्या पेटीत जाते, चाके वळविण्यास मदत करते आणि परतीच्या नळीने टाकीत येते. हल्लीच्या अनेक लहान मोटारींत मात्र हे काम विजेची मोटर करते. तेथे ना पंप, ना तेल. तेव्हा आपल्या गाडीस तेलाची टाकी आहे की नाही, हे आधी पाहावे.

आता आवाजांविषयी. सर्व आवाज एका जातीचे नसतात, आणि कान देऊन ऐकले तर निम्मे निदान तेथेच होते. गाडी सुरू करताच किंवा चाक जोराने वळविताच कर्कश किंचाळी उठली, तर ती बहुधा पंपाची नसून घसरणाऱ्या पट्ट्याची असते. चाक अगदी शेवटपर्यंत वळवून धरले असता येणारा सूंऽऽ असा आवाज म्हणजे दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणारी झडप उघडल्याची खूण. तो दोष नव्हे. मात्र चाक तसे पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, कारण तेल तापते. एंजिनाची गती वाढेल तसा चढत जाणारा आणि वळणावर अधिक होणारा रडका सूर हा खरा विचार करण्याजोगा आवाज होय.

हा सूर ऐकताच ‘पंप गेला’ असा निकाल पुष्कळ वेळा दिला जातो, आणि हातावर पोट असलेल्या टेंपोवाल्यास नव्या पंपाचा भुर्दंड बसतो. वास्तविक पंप बहुधा निर्दोष असतो. त्याच्या तोंडी तेलाऐवजी हवा जात असते. आपल्या वाडीतील विहिरीवरचा पंप आठवा. त्याच्या ओढीच्या नळीस बारीक चीर पडली, तर तीतून पाणी गळत नाही, पण हवा आत शिरते आणि पंप पाणी सोडतो. येथेही तसेच घडते. टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप सैल झाली, तर तेलाचा थेंबही न सांडता हवा ओढली जाते. त्या हवेचे बुडबुडे दाबाखाली चिरडले जातात, आणि त्यांचाच तो आक्रोश असतो. हे बरेच दिवस चालू राहिले, तर मात्र आतील पाती व भिंती झिजून निर्दोष पंपही खरोखर निकामी होतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. एंजिन बंद करून टाकीतील तेल खुणेपर्यंत आहे की नाही ते पाहावे. कमी असल्यास ते कोठे गेले याचा शोध घ्यावा. रात्री गाडीखाली जुना कागद पसरून ठेवला, तर सकाळी डाग दिसतो. तेलावर फेस असल्यास हवा शिरत आहे असे समजावे. तेल दुधासारखे झाले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. आपल्या पावसाळ्यात टाकीचे झाकण सैल राहू देऊ नये. तेल काळे पडले असल्यास टाकीतील जाळी तुंबली असण्याचा संभव आहे. मग ओढीच्या नळीच्या क्लिपा घट्ट कराव्यात व भेगा पडलेली नळी बदलावी. पट्टा चिरलेला, गुळगुळीत वा सैल आहे काय, तेही पाहावे. दाबाच्या नळीची गळती हाताने मात्र कधीही चाचपू नये. ते तेल कातडी भेदून आत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

दोष दूर केल्यावर आत राहिलेली हवा काढावी लागते. मागील चाकांस दगड लावून पुढील चाके जॅकने उचलावीत व गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. एंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे आणि उतरेल तसे तेल भरत जावे. बुडबुडे थांबल्यावर एंजिन मंद गतीने चालू करून तीच क्रिया पुन्हा करावी. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. ब्रेकचे तेल येथे चुकूनही घालू नये, त्याने रबरी सील फुगून नासतात.

इतके करूनही गुरगुर राहिली, तर लांब लाकडी दांड्याचे एक टोक पंपाच्या अंगास व दुसरे कानाजवळ लावून ऐकावे. शेजारच्या डायनामोचे वा पुलीचे बेअरिंगही असाच आवाज करते. हे काम मुलांनी एकट्याने करू नये. फिरत्या पट्ट्यापासून केस, ओढणी व बाह्या दूर ठेवाव्यात. आवाज पंपातूनच येत असेल, तर तो बदलणे योग्य. पण त्याबरोबर नळ्या व टाकी धुऊन काढावी, नाहीतर जुन्या पंपाचा धातूचा चुरा नव्यासही खाईल.

शेवटी पालकांस एक विनंती. डिझेल वाचविण्यासाठी घाट उतरताना एंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींस सवय असते. एंजिन थांबले की पंप थांबतो, स्टिअरिंग एकाएकी जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. वळण समोर आलेले असते, तेव्हा वाचविलेले चार घोट डिझेल कोणाच्याही उपयोगी पडत नाही. तसेच ओरडणाऱ्या पंपाकडे ‘चालते तोवर चालू द्या’ म्हणून दुर्लक्ष करू नका. सैल क्लिपेचे काम काही मिनिटांचे असते. ते घरच्या अंगणात झालेले बरे, घाटाच्या वळणावर त्याची आठवण होणे बरे नव्हे.