फाइल डिस्क्रिप्टरच्या निशाण्या: बदल करताना घ्यावयाची दक्षता

प्रस्तुत लेखात संगणकाच्या अंतर्भागातील एका लहान पण महत्त्वाच्या बाबीचा परिचय करून द्यावयाचा आहे. युनिक्स वा लिनक्स प्रणालीत प्रोग्रामने फाइल उघडली की कर्नल तिला एक अंक देतो. ०, १ व २ हे सहसा आधीच वापरात असल्याने तो ३ पासून पुढे मिळतो. हाच फाइल डिस्क्रिप्टर होय. त्याच्याशी 'फ्लॅग' जोडलेले असतात. आमच्या सीमाभागात झेंडा म्हटले की १ नोव्हेंबर आठवतो, म्हणून येथे 'निशाणी' हा शब्द योजला आहे. उर्दू आणि मराठी, दोहोंतही तो चालतो.

निशाण्या दोन प्रकारच्या. पहिली त्या अंकाची स्वतःची, 'एफडी_क्लोएक्सेक'. ती लावली असता 'एक्झेक'द्वारे दुसरा प्रोग्राम सुरू होताच तो अंक आपोआप बंद होतो. न लावल्यास पासवर्डची उघडी फाइल नव्या प्रोग्रामच्या हाती जाऊ शकते. अमानत भलत्याकडे जावी तसे. दुसऱ्या प्रकारच्या निशाण्या, उदा. 'ओ_अपेंड' व 'ओ_नॉनब्लॉक', उघडलेल्या फाइलच्या असतात. 'फोर्क' किंवा 'डुप'नंतर त्या सामाईक राहतात.

बदल 'एफसीएनटीएल'ने करतात आणि घोटाळा होतो तो येथेच. 'एफ_सेटएफएल' जुन्या निशाण्यांत भर घालत नाही, तर बदलता येण्याजोग्या सर्व नव्याने लिहितो. समजा, निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पोत्यावर 'ओल लागू देऊ नये' अशी चिठ्ठी आहे. गुमास्त्याने ती फाडून 'विकले' अशी दुसरी लावली, तर माल भिजणारच. त्याचप्रमाणे केवळ 'ओ_नॉनब्लॉक' लिहिल्यास 'ओ_अपेंड' पुसली जाते, आणि नोंदवहीत दोन प्रोग्राम एकमेकांच्या ओळींवर लिहू लागतात. म्हणून प्रथम 'एफ_गेटएफएल'ने जुने मूल्य वाचावे, त्यात 'ऑर' क्रियेने नवी निशाणी मिळवावी, मगच लिहावे. वाचताना उत्तर -१ आले तर तेथेच थांबावे. -१ मध्ये सर्व बिट १ असतात, त्यामुळे तेच पुढे लिहिले तर भलत्याच निशाण्या लागतात. 'एफ_गेटएफडी' व 'एफ_सेटएफडी' या जोडीलाही हाच नियम.

तरीही एक फट उरते. फाइल उघडणे व निशाणी लावणे या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने 'फोर्क' व 'एक्झेक' केले, तर अंक निसटतोच. त्यासाठी २००७ साली लिनक्स २.६.२३ मध्ये 'ओ_क्लोएक्सेक' आले. ते 'ओपन'लाच द्यावयाचे असल्याने दोन्ही कामे एकाच क्रियेत होतात. पुढे २००८ च्या पॉझिक्स मानकात त्याचा समावेश झाला. पायथनने तर ३.४ पासून (२०१४) नव्या डिस्क्रिप्टरांचा वारसा मुळातच बंद ठेवला. तो हवा असल्यास मागून घ्यावा लागतो.