लावणी, वग आणि विनोद : राम जोशी ते वसंत सबनीस

मराठी रंगमंचावर विनोद लिहिणारा आणि गाणे रचणारा हे दोन वेगळे व्यावसायिक बऱ्याच उशिरा झाले. पेशवाईच्या उत्तरकाळातील तमाशाच्या फडात, म्हणजे शाहीर, सोंगाड्या, ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि मुख्य गायकामागे सूर धरणारे सुरत्ये यांच्या फिरत्या संचात, पद्य रचणारा शाहीर बहुधा स्वतःच गाणारा असे आणि प्रेक्षकांतून आलेल्या सवालाला जागच्या जागी जवाब देण्याची हजरजबाबी बुद्धीही त्याच्याकडूनच अपेक्षित असे. शृंगार, उपदेश, थट्टा आणि देवाची आळवणी ही त्याच्याकरिता निरनिराळी खाती नव्हती. पुढे छापील नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या सोयीसाठी ही खाती पाडली गेली, आणि तेव्हापासून एखादा विनोदी लेखक लोकगीताकडे वळला की त्याला ‘परतणे’ असे म्हणावे लागते. या परतण्याचा मागोवा घेण्यासाठी सोलापूर जिल्हा सोयीचा आहे, कारण या व्यवहाराचे दोन ठळक टप्पे तेथे जन्मलेल्या दोन लेखकांच्या आयुष्यात दिसतात.

पहिला टप्पा राम जोशी यांचा आहे. त्यांचा जन्म सोलापुरात १७६२ साली झाला असे सामान्यतः मानले जाते, काही अभ्यासक तो १७५८ पर्यंत मागे नेतात, आणि मृत्यू १८१२ च्या सुमाराचा धरला जातो. जोशीपण आणि पुराणकथन करणारे वैदिक घराणे, पुराणिक म्हणून नावाजलेले वडील बंधू मुद्गल जोशी आणि गावातच असलेला धोंडी शाहिराचा फड, अशा दोन शाळांत त्यांचे शिक्षण झाले. त्यांपैकी दुसरी शाळा घरच्यांना मान्य नव्हती. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी की तमाशाच्या नादापायी त्यांना घर सोडावे लागले, त्यांनी पंढरपुरात राहून संस्कृताचा अभ्यास केला, कीर्तनाची तयारी केली आणि तरीही ते पुन्हा डफ-तुणतुण्याकडे वळले. या हकीकतीतील प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध होतोच असे नाही. रचनांचा पुरावा मात्र स्पष्ट आहे : यमक-अनुप्रासांची पंडिती हौस, संस्कृतात रचलेली लावणी, एकाच लावणीत अनेक भाषांची गुंफण आणि ‘मदालसा चंपू’ हे गद्यपद्यमिश्रित संस्कृत काव्य, हे सर्व एकाच हातचे आहे. बहुभाषिक लावणीचे श्रेय केवळ कवीच्या विद्वत्तेला देणे अपुरे ठरते. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या भाषा ज्या भागात शेजारी शेजारी बोलल्या जातात, तेथील श्रोत्याला भाषाबदल हाच एक विनोद वाटतो आणि तो समजावून सांगावा लागत नाही.

उत्तर आयुष्यात बारामतीच्या मोरोपंतांच्या सहवासाने किंवा उपदेशाने राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि पंतांची आर्या त्यांनी कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचवली, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा पश्चात्तापाची कथा म्हणून सांगितली जाते. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या राजकमलच्या चित्रपटाने, ज्याची गीते ग. दि. माडगूळकरांची होती आणि ज्यात जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांनी भूमिका केल्या, या जीवनकथेला लोकमानसात स्थिर रूप दिले. चित्रपट म्हणून त्याचे मोल मोठे आहे, कारण पुढील तमाशापटांची वाट त्याने पाडून दिली. इतिहास म्हणून मात्र ‘बिघडलेला आणि सुधारलेला’ ही त्याची चौकट फारशी उपयोगी पडत नाही. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. श्रोत्यांना जागे ठेवण्यासाठी कीर्तनकाराला दोन्हींत गाणे, नक्कल आणि कोटी लागतेच. फडावर कमावलेली ही सामग्री राम जोशी यांनी देवळात नेली. बदलला तो मंच आणि बदलली ती बिदागी देणारी माणसे.

त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तमाशाचा घाट पुष्कळ बदलला. उमा बाबाजी सावळजकर यांच्या ‘मोहना-बटाव’ला, जो १८६५ चा मानतात, पहिला वग म्हटले जाते, वग म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धातील पद्य-गद्यमय कथानाट्य. त्याआधी येणारे भाग ठरून गेले : गणपतीला वंदन करणारा गण, मावशीसह मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची कृष्णाने आणि पेंद्याने केलेली अडवणूक दाखवणारी गौळण, आणि सोंगाड्याच्या चतुर संवादांची बतावणी. सोलापूर जिल्ह्याचा या इतिहासाशी आणखी एका बाजूने संबंध येतो. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९), ज्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल आणि ज्यांना ओवीचा कान आईकडून मिळाला, त्यांनी अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले आणि शाहिरी कामगार चळवळीच्या व्यासपीठावर नेली. अमर शेखांचा पिंड विनोदकाराचा नव्हता, म्हणून येथे त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु पथकासाठी अण्णा भाऊंनी लिहिलेल्या वगांनी तमाशाचा साचा राजकीय उपहासाला किती चपखल बसतो हे दाखवून दिले होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी घातली, आणि पुढे ती सैल झाली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. या अटीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ज्या कलेत संवाद तोंडी वाढत, त्या कलेला आता कागद लागू लागला, आणि कागद आला की कागदावर लिहिणारा पांढरपेशा लेखकही आला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’, व्यंकटेश माडगूळकरांची आणि पुढे शंकर पाटलांची लोकनाट्ये या काळात उभी राहिली. ‘लोकनाट्य’ या नव्या नावाने तमाशाला शहरी नाट्यगृहात प्रवेश मिळाला.

वसंत सबनीस हे याच पिढीतले. त्यांचे मूळ नाव रघुनाथ दामोदर सबनीस, जन्म ६ डिसेंबर १९२३, सोलापूर. शालेय शिक्षण पंढरपूरला, पदवीचे शिक्षण पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात आणि नंतर सरकारी नोकरी, असा त्यांच्या आयुष्याचा बाह्य आराखडा आहे, आणि त्यावरून सोलापूरने त्यांना घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे-मुंबई हेच राहिले. तरीही वारीचे, भारुडांचे आणि कीर्तनांचे पंढरपूर शालेय वयात कानांवरून जाणे ही विनोदी लेखकासाठी लहान गोष्ट नव्हे. त्यांच्या लेखनाची सुरुवात कवितेने झाली, नाव झाले ते मात्र विनोदी गद्याने. ‘पानदान’, ‘भारूड’, ‘मिरवणूक’, ‘पंगत’ या संग्रहांची नावेच सांगतात की त्यांचा विनोद दिवाणखान्यातल्यापेक्षा ओसरीवरचा होता.

त्यांनी लिहिलेला ‘छपरी पलंगाचा वग’ १९६५ मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने रंगमंचावर आला आणि दादा कोंडके यांच्या हवालदाराने तो महाराष्ट्रभर नेला. कोंडके यांच्या संचाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाल्याची नोंद सर्वत्र केली जाते. कथा मुद्दाम पातळ ठेवलेली आहे. राजाचा छपरी, म्हणजे वर छत असलेला पलंग, त्याची हाव धरणारी मैनावती, तिच्या हौसेपायी चोरीला प्रवृत्त होणारा कोतवाल आणि या सर्वांना खेळवणारा हवालदार, एवढ्या सामग्रीवर तीन तासांचा खेळ उभा राहतो. कथानकातील मोकळ्या जागा ही वगाची उणीव नसून त्याची रचनाच आहे, कारण त्या जागांत त्या त्या गावचा पुढारी, त्या आठवड्यातील बातमी आणि समोरच्या रांगेत बसलेला अधिकारी यांना ओढून आणता येते. दिवसा सरकारी कचेरीत बसणाऱ्या लेखकाने राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार अशी वरपासून खालपर्यंतची शासनाची उतरंड हास्याच्या तावडीत द्यावी, यातली गंमत तेव्हाच्या प्रेक्षकांना कळत असणारच.

या वगात सबनिसांनी साधलेले खरे काम मात्र विनोदाच्या पलीकडचे आहे. विनोदी लेखाचा ताल वाचकाच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. वगाचा ताल ढोलकीवर. संवाद केव्हा थांबवायचा, कोणत्या शब्दावर सुरत्यांनी ‘जी जी’ची ओढ घ्यायची, सोंगाड्याच्या शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध गाण्याच्या पहिल्या ओळीत कसा मिसळायचा, हे लेखकाला संहितेतच ऐकू यावे लागते. कटाव, म्हणजे एका दमात म्हटली जाणारी वेगवान वर्णनपर रचना, किंवा छक्कड, म्हणजे ठसकेबाज आटोपशीर लावणी, हे प्रकार ज्याला अवगत नाहीत त्याला बतावणी लिहिता येईल, वग लिहिता येणार नाही. कवितेपासून सुरू झालेल्या आणि गद्यात स्थिरावलेल्या या लेखकाला वगाने पुन्हा पद्याच्या शिस्तीत आणले, आणि राम जोशी यांच्या काळी एकाच माणसात नांदणारे विनोद व गाणे पुन्हा एका संहितेत आले. फरक होता तो सादरकर्त्याचा. राम जोशी स्वतः फडावर उभे राहत. ‘विच्छा’चा चेहरा कोंडके होते, आणि प्रयोगागणिक त्यांनी घातलेली भर इतकी मोठी होती की लेखकाचे कोणते आणि नटाचे कोणते हे वेगळे करणे पुढे अवघड झाले. तमाशाच्या दृष्टीने ही तक्रार नव्हे. छापील नाटकाच्या दृष्टीने आहे, आणि सबनीस दोन्हींकडचे लेखक होते.

पुढील वाटचालीत गाणे पुन्हा सुटले. १९७१ चा ‘सोंगाड्या’ हा सबनिसांनी लिहिलेला चित्रपट तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याची गोष्ट सांगतो, त्यामुळे त्यात तमाशा विषय म्हणून तरी आहे. ‘सौजन्याची ऐशी तैशी’ किंवा ‘गेला माधव कुणीकडे’ यांसारख्या नाटकांत शहरी प्रहसनाचा वेग आला आणि ढोलकी मागे पडली. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटाचे सबनीसलिखित संवाद आजही घरोघर पाठ आहेत, तर त्यातील गाणी सुधीर मोघे आणि शांताराम नांदगावकर यांची आहेत. श्रेयनामावलीतील ही विभागणी चित्रपटउद्योगाच्या दृष्टीने स्वाभाविक आहे, पण ज्या लेखकाने वग लिहिला त्याच्या बाबतीत ती पाहिली की व्यवसायाने काय वाटून घेतले ते कळते.

दूरचित्रवाणीने हीच वाटणी पक्की केली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरील ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांत छोट्या प्रहसनांना जागा मिळाली, आणि पुढे खासगी वाहिन्यांवर ‘फू बाई फू’, २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ व २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी विनोदी प्रवेशाचा मोठा कारखानाच उभा केला. या कार्यक्रमांना फुगडी आणि जत्रा यांची नावे घ्यावीशी वाटली हे बोलके आहे, आणि त्यांतील पुरुषाने वठवलेली बाई, मूर्ख दिसणारा शहाणा नोकर, पाहुण्यांना नाव घेऊन केलेली थट्टा या सर्वांचे मूळ गौळणीत आणि बतावणीत सापडते. परंतु ठरलेल्या मिनिटांच्या, आठवड्याला ठरावीक संख्येने लिहाव्या लागणाऱ्या प्रवेशात गाणे आलेच तर बहुतांशी विडंबन म्हणून, चालत्या लोकप्रिय चालीवर शब्द बसवून येते. नवी चाल बांधायला आणि ती लोकांच्या तोंडी रुळायला जो काळ लागतो तो वाहिनीच्या वेळापत्रकात नाही. म्हणून अशा लेखनातून लोकगीताकडे जाणाऱ्या लेखकाची अडचण प्रतिभेपेक्षा सवयीची अधिक असते : त्याच्या कानाला प्रत्येक काही सेकंदांनी येणाऱ्या हशाची अपेक्षा जडलेली असते, आणि लावणीच्या ध्रुपदाला परत येण्यासाठी थांबावे लागते. विजय कदम यांच्यासारख्या नाटक-चित्रपट-दूरचित्रवाणीत वावरलेल्या नटाने ‘विच्छा’ पुन्हा उभे करून हवालदाराची भूमिका शेकडो प्रयोगांत केली, ते या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते.

परतण्याच्या या सगळ्या कथेला एक मर्यादा आहे. घर सोडून फडाकडे गेलेला ब्राह्मण शाहीर असो वा कचेरीतून वगाकडे आलेला लेखक, ज्याला जाण्यासाठी दुसरी जागा होती तोच परतू शकतो. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, १९३५ चा. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाची परंपरा त्यांच्या घरात होती आणि तमाशा सोडून पुन्हा तमाशाकडे येण्याची चैन त्यांना कधी मिळाली नाही. सबनीस आणि विठाबाई दोघेही २००२ मध्येच गेले. जिल्ह्यात मोडनिंबसारख्या गावी कलाकेंद्रांमधून लावणी आजही उपजीविका म्हणून चालते, आणि अकलूजला १९९३ पासून सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने संगीतबारीच्या, म्हणजे बैठकीत वा छोट्या मंचावर गाण्या-नाचण्याच्या परंपरेतील कलावतींना प्रतिष्ठा मिळवून दिली. या दोन्ही ठिकाणी भर नृत्यावर आणि अदाकारीवर आहे. विठाबाईंच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. फडासाठी वग आणि बतावणी लिहिणाऱ्याचे नाव मात्र जत्रेतल्या तंबूबाहेरच्या फलकावर क्वचितच आढळते. तेथे मोठ्या अक्षरांत फडमालकाचे किंवा नायिकेचे नाव रंगवलेले असते, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीची सवय झालेल्या लेखकाला फडात लिहायचे तर याच अटीवर लिहावे लागते.